डावा कोपरा

"काकू, मोठा श्वास घ्या. हां, आता रोखून धरा. अजिबात हलायचं नाही," काचेमागची मुलगी माइकवरून म्हणाली आणि मला हसूच आलं. श्वास रोखायला ही कुणाला सांगतेय? मला? रोह्याच्या वृंदाला?

एके काळी आमच्या भागात मुलींची कबड्डी बघायला येणारे अर्धे लोक माझा दम बघायला यायचे. एका दमात मी समोरच्या अंगणात शिरायचे, दोघींना शिवायचे, तिसरीला वाकुल्या दाखवायचे आणि मधल्या रेषेवर परत यायचे. तोवर तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' तुटायचं नाही. पंच कान टवकारून उभे असायचे, ही मध्येच चोरून श्वास घेत असणार म्हणून. कधी सापडले नाही, कारण घेतलाच नव्हता. आता पन्नाशी आली, डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो संपली, डोक्यावर नुकतं कुठे दात घासायच्या ब्रशासारखं काहीतरी उगवायला लागलंय. पण दम तो दम. मी ऐटीत छाती भरून घेतली.

"काकू, बोलू नका."

"मी कुठे बोलतेय?"

"आता बोललात ना! परत करू या. श्वास घ्या. रोखा."

परत घेतला. भल्यामोठ्या बांगडीसारखं ते मशीन घूं घूं करत होतं आणि मी त्या बांगडीत अर्धी आत, अर्धी बाहेर पडले होते. दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवायचे होते. डावा हात वर जाताना काखेत असं ओढत होतं की डोळ्यांत पाणी आलं. तरी दात आवळून ठेवला.

"काकू, तुमचे ओठ हलतायत. इथे स्क्रीनवर श्वासाची सगळी लाईन नाचतेय. तुम्ही काही पुटपुटताय का? देवाचं वगैरे?"

मी जरा कान देऊन ऐकलं. आणि ऐकते तर काय, माझ्याच तोंडातून बारीक आवाजात चाललं होतं, 'कबड्डी कबड्डी कबड्डी'.

आता हसू नका. शाळेपासून लग्नापर्यंत, दम धरला की तोंड सुरू, अशी सवय. दम धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं, हे माझ्या शरीराला कुणी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी ओठ दातांखाली धरले, तर मध्येच दमच सुटला. फुटक्या सायकलच्या ट्यूबसारखा फस्सकन. ती मुलगी, ऋतुजा तिचं नाव, बाहेर आली आणि माझ्या हाताखाली हात घालून मला उठवलं. "असू दे काकू, पहिल्यांदा बऱ्याच जणांना जमत नाही," ती म्हणाली. 'बऱ्याच जणांना' हे ऐकून माझं डोकं आणखी फिरलं.

डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा त्र्यंबक. रोह्याच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात काढली, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता मीसुद्धा सरच म्हणते.

बाईंनी कागदावर एक फुप्फुस काढलं आणि त्याला लागून एक हृदय. "तुमचा आजार डाव्या बाजूचा. तिथे रेडिएशन द्यायचं तर मागे हृदय आहे. तुम्ही श्वास भरून रोखलात की हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. तेवढ्या वेळात आम्ही किरण सोडतो. नाही जमलं तर नेहमीच्या पद्धतीनं देऊ, तीही चांगलीच आहे. पण तुमचे वडील आणि भाऊ दोघंही हार्टनं गेले, असं तुम्ही सांगितलंय. म्हणून मला हे तुमच्या बाबतीत जमायला हवंय. येत्या सोमवारी परत एकदा स्कॅन करून बघू. त्याच्यापुढे मला थांबता येणार नाही."

"जमवते," मी म्हटलं.

"रोज किती चालता?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, तेही कौतुकानं. "चालणं? छे! ऑपरेशन झाल्यापासून मी हिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिलेला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हाताचे व्यायाम? तो कागद दिला होता ना?"

"दुखतं म्हणाली. मग मीच बंद केले."

"भेटायला वगैरे कोण येतं?"

"कुणालाही येऊ दिलं नाही. इन्फेक्शन!"

"सर," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "किमो चालू होती तेव्हा जपलंत ते चांगलं केलंत. पण आता त्यांचे रिपोर्ट छान आहेत. आता असं झोपवून ठेवलंत तर दम कुठून येणार? चालू दे त्यांना. हात वर जाऊ दे. माणसांत राहू दे. हे मी सल्ला म्हणून सांगत नाहीये, हा उपचाराचाच भाग आहे."

सर खाली मान घालून गाडीत बसले. मी काही गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. पनवेल सुटल्यापासून जी सुरू झाले ती पेण येईपर्यंत. वर्षभर त्या कॉटवर पडून मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघितली होती. संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू झालं, मी खिडकीतून आवाज ऐकला. माझा फोनसुद्धा सरांच्या शर्टाच्या खिशात. का, तर फोनच्या लहरींचा त्रास नको डोक्याला! हा माणूस विज्ञान शिकवायचा, कुणाला सांगून खरं वाटणार नाही. ते निमूट गाडी चालवत होते. राग येत होता आणि त्यांचं ते वाळलेलं तोंड बघून वाईटही वाटत होतं, म्हणून आणखी राग येत होता.

"गाडी थांबवा," मी पेणला म्हटलं.

"उलटी होतेय का?"

"निशीकडे उतरायचंय."

निशिगंधा आमच्या संघाची कप्तान. पेणला सासर, बाजारपेठेच्या मागे घर आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर. मी दार ढकललं तेव्हा ती कुणाच्या तरी तोंडाला लेप थापत होती. माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्याच्या स्कार्फकडे बघितलं आणि वाटी तशीच ठेवून धावत आली. मिठी मारताना मात्र उजव्या बाजूनं मारली, डावीला धक्का न लावता. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"गो वृंदे! तू जागी हायस?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय? वर्षभर फोन लावतेय. सकाळी लावला, सर म्हणतात झोपलीय. दुपारी, झोपलीय. दिवाळीला लावला तरी झोपलीय! मी मालूला म्हटलं, हिला काय झोपेचं औषध देतात की काय."

आम्ही दोघींनी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरच्या केसांच्या रंगाच्या जाहिराती वाचण्यात गढून गेले होते. लेप लावलेली बाई खुर्चीतून एक डोळा उघडून बघत होती.

मी निशीला सगळं सांगितलं, बांगडीपासून नाचणाऱ्या लाईनीपर्यंत. 'कबड्डी कबड्डी' ऐकल्यावर ती इतकी हसली की खाली बसली. हृदयाचं सांगितल्यावर उठली आणि सरळ मालूला फोन लावला. मालू म्हणजे आमचा डावा कोपरा. खांब गावी तिची शेती, भात झालं की वाल. तिच्या कोपऱ्यात गेलेली पोरगी परत आल्याचं मला फारसं आठवत नाही.

"सोमवारपर्यंत?" फोनमधून मालूचा आवाज आला, मागे कुत्रं भुंकत होतं. "मंग आठवडा हाय की. येते." आणि फोन बंद.

संध्याकाळच्या एसटीनं ती आली. वालाच्या ओल्या शेंगांनी भरलेली पिशवी दारात ठेवली, माझ्या हनुवटीला धरून तोंड इकडून तिकडे फिरवलं आणि म्हणाली, "वाळलीस. पन डोले तेच हायत." मग सरांकडे वळली. "सर, ही आता सोमवारपर्यंत आमच्या ताब्यात. हितंच ऱ्हाणार. तुमाला ऱ्हायाचं तर ऱ्हावा, पन मदी बोलायचं नाय."

"नाही बोलणार," सर म्हणाले. शाळेत पोरांना उठाबशा काढायला लावणारा माणूस! मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहीम निघाली. पुढे मालू, मध्ये मी, मागे निशी, आणि सगळ्यांच्या मागे सर. हातात प्लॅस्टिकची खुर्ची, काखेत छत्री, गळ्यात पाण्याची बाटली. मला चक्कर आली तर बसायला खुर्ची! पेणच्या बाजारात लोक वळून वळून बघत होते. मैदानापर्यंत जायचं ठरलं होतं, पण पोह्यांच्या मिलपाशीच माझ्या पायांत गोळे आले. मी खुर्चीवर बसले नाही. मिलच्या पायरीवर बसले. ताज्या कांडलेल्या पोह्यांचा गरम वास येत होता आणि रस्त्यावरून माणसं जात होती, खरीखुरी माणसं, भाव करणारी, भांडणारी, शिंकणारी. मला इतका आनंद झाला की मी रडले. सर खुर्ची घेऊन पुढे धावले, तर मालूनं त्यांना हातानंच मागे सारलं.

तिसऱ्या दिवशी मिलच्या पुढे गेले. त्याच्या पुढच्या दिवशी मैदान आलं. खुर्ची मात्र रोज येत होती.

दुपारी हाताचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर वर वर चालवायची. जिथे थांबेल तिथे निशी लिपस्टिकनं रेघ मारायची. पहिली रेघ माझ्या खांद्याच्या जरा वर, गुलाबी. मग लाल, मग तो एक भडक जांभळा रंग, जो तिच्या मते पेणमध्ये कुणालाच शोभत नाही आणि सगळ्यांना हवा असतो. निशीचा नवरा जगनराव जेवायला आला की भिंतीकडे बघून सुस्कारा टाकायचा. गणपतीला रंगवलेली भिंत होती बिचाऱ्याची. पार्लरमध्ये येणाऱ्या बायकासुद्धा आत डोकावून विचारायला लागल्या, "आज कुठवर?" एक तर नववधू होती, हाताची मेंदी वाळवत उभी. ती म्हणाली, "ताई, अजून बोटभर, बोटभर!" तेवढ्यासाठी मी बोटभर वर नेला.

खरी पंचाईत दमाची. मी पलंगावर उताणी झोपायचे, हात डोक्याच्या वर. मालूनं माझ्या छातीवर, टाक्यांच्या जागेपासून लांब, काडेपेटी ठेवली. "ही हालता कामा नाय." आणि ओठांत वालाची एक हिरवी शेंग दिली. "ही बी नाय. शेंग थरथरली म्हंजे तू बोलतेयस."

आणि वेळ मोजायला घड्याळ नाही. निशी म्हणाली, घड्याळाकडे बघून माणूस घाबरतो. तिनं जंगी उखाणा घ्यायचा आणि उखाणा संपेपर्यंत मी दम धरायचा. उखाणे निशी ऐनवेळी जोडते. पहिलाच असा:

"पेणच्या बाजारात पोह्यांची रास,
रोह्याच्या स्टँडला गर्दी झकास,
खांबच्या शेतात वाल हिरवागार,
धरमतरच्या खाडीत बार्ज उभे चार.
सासूबाई म्हणाल्या, आमटी कर चवदार,
घाईत मीठ पडलं तीन-तीन वार.
सासरे गेले उठून, दीर गेला पळून,
नणंद बसली ताटाकडे पाठ वळवून.
एकाच माणसानं भुरका मारून मागितलं वर पाणी,
जगनरावांचं नाव घेते, मी खाऱ्या आमटीची राणी!"

जगनराव तेव्हा नेमका दारात उभा होता. "पाणी का मागितलं ते सांग ना," तो म्हणाला आणि माझी काडेपेटी उडून पलंगाखाली गेली. हसून हसून टाक्यांची जागा ओढली गेली, पण ते दुखणंसुद्धा वेगळंच होतं. वर्षभर मी दुखण्यासाठी दुखले होते. हे हसल्याबद्दल दुखत होतं.

हळूहळू दम लांबला. आधी पोह्यांच्या राशीलाच सुटायचा, मग खाडीपर्यंत, मग मीठ पडेपर्यंत. शुक्रवारी मी सासऱ्यांना उठवून लावलं. पण शेंग! शेंग काही केल्या थांबेना. दम आहे, छाती स्थिर आहे, काडेपेटी जागच्या जागी, आणि ओठांतली ती मेली शेंग आपली थरथर, थरथर. कबड्डी, कबड्डी. मी जीभ टाळूला चिकटवली, दात आवळले, रामरक्षा आठवून पाहिली. रामरक्षाही कबड्डीच्या चालीवर सुरू झाली.

शनिवारी संध्याकाळी मी शेंग थुंकून टाकली आणि उठून बसले. "नाही जमत. बास. देऊ देत नेहमीच्या पद्धतीनं."

सर खुर्चीवरून उठले आणि परत बसले.

मग मीच बोलले. "माझे वडील अंगणात उभ्याउभ्या गेले. भाऊ पंचेचाळिशीचाही नव्हता. मला कॅन्सरची एवढी भीती वाटली नाही, जेवढी त्या कागदावरच्या हृदयाची वाटतेय. इतकं सगळं सोसायचं, यातून बरं व्हायचं, आणि मग आमच्या घरातल्यांसारखं पट्कन जायचं? मला जगायचंय गं निशी. भरपूर जगायचंय." असं मी वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी समोर असावं लागतं.

मालू खाली बसून वाल सोलत होती. मग म्हणाली, "तू चढाई करतेस."

"काय?"

"तितं झोपून तू चढाई करतेस. तुला दुसरं येतंच काय? आख्खा जनम चढाई केलीस. चढाई करणारीला बोलायाच लागतं, नायतर पंच बाद देतो. मंग तुजं त्वांड गप कसं बसंल?" तिनं सोललेले वाल बाजूला केले. "उद्या मैदानावर चल. तुला कोपऱ्यात उबी करते."

रविवारी संध्याकाळी मैदानावर मुलींचा सराव चालू होता. मालूनं मला रेषेबाहेर उभं केलं आणि कोपऱ्यातल्या एका मुलीकडे बोट दाखवलं. "तिचं त्वांड बघ."

चढाई करणारी मुलगी बोलत, नाचत, हात फेकत येत होती. कोपऱ्यातली मुलगी वाकून उभी. ओठ मिटलेले. पापणी हलत नव्हती. श्वास कुठे ठेवला होता कोण जाणे. समोरची बोलतेय, बोलतेय, दम खर्च करतेय, आणि ही नुसती वाट बघतेय.

"मी कोपऱ्यात हुबी असताना कदी श्वास घेतलाय गो?" मालू म्हणाली. "समोरची आली की आपुन दगड. ती बोलंल, ती दमंल, ती जाईल. आपुन कशाला बोलायचं? ते तुजं मशीन घूं घूं करतंय ना? करू दे. चढाई त्याची हाय. आपलं अंगन हाय. येऊ दे त्याला."

इतकी वर्षं एका संघात खेळलो आणि मी मालूच्या बाजूनं कधी खेळ बघितलाच नव्हता!

मुलींनी मैदानाचा एक तुकडा आम्हाला दिला. मालूनं चपला काढल्या, साडी खोचली आणि पायानं मातीत रेघ ओढली. मी डाव्या कोपऱ्यात, ओठांत शेंग. मला शिवायचं नाही, जवळ यायचं नाही, हे निशीनं दोनदा बजावलं. सर खुर्ची धरून रेषेवर उभे. मुली गोळा झाल्या.

मालू आली. "कबड्डी कबड्डी कबड्डी," तो आवाज, बापरे! आयुष्यात पहिल्यांदा मी मालूला चढाई करताना बघत होते. पोटऱ्यांवर माती, डोळे माझ्यावर. मी श्वास भरला आणि दगड झाले. ती उजवीकडे गेली, डावीकडे आली, हात फेकला. बोल बाई. तूच बोल. माझ्या आत सगळं गप्प झालं होतं. तिचा आवाज घोगरा झाला, अक्षरं एकमेकांवर चढायला लागली, तोंड लाल झालं, आणि रेषेपासून चार पावलांवर तिचा दम तुटला. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी राहिली.

माझ्या ओठांतली शेंग जागची हलली नव्हती.

"बाद!" एकदम कुणीतरी ओरडलं. "मालूताई बाद! बाद!" बघते तर सर. खुर्ची डोक्यावर उचलून धरलेली, छत्री खाली पडलेली. मुलींनी शिट्ट्या मारल्या, निशीनं माझी शेंग काढून घेतली आणि देवाचा प्रसाद असल्यासारखी पदराला बांधली. मी ओरडत होते, काय ते मला माहीत नाही.

सोमवारी आम्ही चौघं हॉस्पिटलला गेलो. मालू आणि निशी मागे बसून मला एकही शब्द बोलू देत नव्हत्या, दम वाया जाईल म्हणून. ऋतुजानं मला झोपवलं. हात वर घेतले आणि डावा हात जागेवर जाऊन टेकला. भिंतीवरच्या जांभळ्या रेघेची मी मनातल्या मनात पापी घेतली. ऋतुजा बाहेर गेली. जड दार बंद झालं. त्याच्यावरचा लाल दिवा लागतो, म्हणजे आत कुणी यायचं नाही.

एकटीच मी. थंड खोली, छताला निळ्या आकाशाचं चित्र.

"काकू, श्वास घ्या. रोखा."

बांगडी घुमायला लागली. घूं घूं घूं. पलंग सरकला आणि आवाज डोक्याशी आला. ये, मी मनात म्हटलं. ओठांना क्षणभर जुनी आठवण झाली, ते हलू पाहत होते, आणि मला मालूच्या मातीनं भरलेल्या पोटऱ्या दिसल्या. चढाई त्याची आहे. अंगण आपलं आहे. आवाज छातीवर आला. त्या छातीच्या आत एक हृदय बाजूला सरून उभं होतं, माझं, वडिलांचं नाही, भावाचं नाही. मी त्याच्या पुढे कोपऱ्यात उभी होते. बोल, लेका, बोल. किती बोलतोस बघू. घुमणं खाली आलं, बारीक झालं, घोगरं झालं आणि थांबलं.

"सोडा काकू. श्वास सोडा!"

सोडला. हसत सोडला.

"लाईन नाचली का गं?" मी ओरडून विचारलं.

"पट्टीनं ओढल्यासारखी सरळ!" माइकवर ऋतुजा ओरडली, आणि तिच्या मागे डॉक्टर बाईंचं हसणं ऐकू आलं. "हेच धरायचं, काकू. रोज असंच!"

मला धावत बाहेर जायचं होतं. मालूला उचलायचं होतं, न उचलता येणारी असली तरी. दार उघडलं आणि बघते तर मालू सरांच्या पाठीत दणादण बुक्के घालतेय. सर बाकावर वाकून खोकत होते, तोंड लालभडक, चष्मा एका कानावर.

"काय झालं ह्यांना?"

"दिवा लागल्यापासून दम धरून बसले होते," निशी म्हणाली. "म्हणाले, ती धरतेय तोवर मी पण धरतो. किती सांगितलं, ऐकेनात."

सरांनी चष्मा नीट केला. "नाही जमलं गं," ते म्हणाले. "मध्येच सुटला. मला वाटलं, माझा सुटला म्हणजे तुझाही..." आणि हा माझा विज्ञानाचा मास्तर तिथे सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला.

वर्षभर मला वाटत होतं, हे मला कॉटला बांधून ठेवतायत. ते बिचारे वर्षभर श्वास रोखून बसले होते. रोखायला कुणी शिकवलं नव्हतं, सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डावा हात, होय, डावाच, वर नेऊन त्यांच्या खांद्यावर टाकला.

"सर, तुम्ही बाद," मी म्हटलं. "माझी लाईन सरळ आली. उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायचं. खुर्ची आणायची नाही."

"छत्री?"

"छत्री पण नाही."

तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात माझा फोन वाजला. सवयीनं त्यांनी काढला, कानाला लावला आणि डोळे पुसत म्हणाले, "हॅलो, कोण, अनिता? हिच्या संघातली, धरमतरची? हो, पण ती आत्ता झो..."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी, एखादं बक्षीस द्यावं तसा, फोन माझ्यापुढे धरला.

"बोल गं अनिता," मी म्हटलं. "वृंदा बोलतेय. जागी आहे."